बर्फावर हीटर का विझतो: विनिपेगला निघालेल्या आपल्या पोरांसाठी

परवा रात्री फैजपूरजवळ आमच्या केळीच्या बागेत बसलो होतो. पारा ८ अंशांवर आला होता आणि काका हैराण झाले होते. एवढ्या थंडीत केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड पोसत नाही. म्हणून बांधावर ठिकठिकाणी काडीकचरा पेटवून धूर केला होता आणि विहिरीवरची मोटार चालू ठेवून बागेला पाणी सोडलं होतं. त्याच शेकोटीभोवती यावल-रावेरकडची चार पोरं आणि एक पोरगी बसली होती, ऑगस्टमध्ये कॅनडातल्या विनिपेगला शिकायला निघालेली. मी तिकडे १६ हिवाळे काढलेत, म्हणून विचारायला आलेली. घरभाडं, बँक, बस, जॅकेट कुठलं घ्यायचं, सगळं विचारून झालं. मग एकानं हळूच विचारलं, "दादा, तुम्ही गोठलेल्या तळ्यावर तंबू टाकून मासे धरता म्हणे. तिथे गॅस कसा पेटतो?"

भाड्याचं आणि बँकेचं तुम्हाला तिकडे कोणीही सांगेल. गॅसचं मात्र आपल्या माणसानं आपल्या भाषेत सांगितलेलं मी कुठे पाहिलं नाही. पहिल्या हिवाळ्यात कोणीतरी वर्गमित्र तुम्हाला लेक विनिपेगवर नाहीतर रेड नदीवर नेणारच. वॉलाय नावाचा मासा तिथे मिळतो, त्याला तिकडची माणसं पिकरेल म्हणतात. जा, अवश्य जा. पण हे वाचून जा.

आधी गॅस समजून घ्या. आपल्या घरच्या लाल सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरासं खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे त्याहून जास्त थंडी पडली की तो सिलिंडरात नुसता पाण्यासारखा पडून राहतो, वर येत नाही. जळगाव-भुसावळला हा प्रश्न कधी येत नाही, आपली अडचण मे महिन्यातल्या ४५ अंशांची. तिकडे तंबूत ऊब धरायच्या गॅस हीटरसाठी प्रोपेन विकतात. तो उणे ४२ अंशांना उकळतो. कागदावर बघितलं तर उणे ३० लाही भरपूर अंतर आहे. मग हीटर विझतो का?

याचं उत्तर तुमच्या ओट्यावरच्या माठात आहे. माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ती माठातल्याच पाण्यातून ओढते. म्हणून पाणी गार. सिलिंडरात हुबेहूब तेच चालतं. आतला द्रव उकळून गॅस होतो आणि स्वतःलाच गार करत जातो. बाहेर उणे २५ असेल तर आतला द्रव उणे ३०, उणे ३५ असा घसरत जातो. दाब कमी कमी होतो, ज्योत बसत जाते, शेवटी पायलट, म्हणजे हीटर पेटता ठेवणारी छोटी ज्योत, तीही धरत नाही. उणे ४० ला सिलिंडरातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा नावालाच जास्त उरतो. हलवून बघाल तर आत गॅस डुचमळतोय, अर्धं भरलेलं आहे, आणि तरी चूल थंड. मी पहिल्या वर्षी असे दोन अर्धे सिलिंडर 'संपले' म्हणून बाजूला टाकले होते. घरी आणले, जिन्याबाहेर ऊन होतं तिथे ठेवले, दुपारी पुन्हा चालू.

हे ओळखायचं कसं? सिलिंडरावर हात न लावता बघा. आत द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंत बाहेरून पांढरं दंव धरलेलं दिसेल आणि त्याच्या वर पत्रा कोरडा. ती रेघ दिसली की समजायचं, हीटर शहाणा आहे, सिलिंडर गारठलंय.

हे मी सांगत होतो तेव्हा त्या पोरीनं पटकन विचारलं, "मग गोधडी गुंडाळली तर?" सगळ्यांनाच हे सुचतं, मलाही सुचलं होतं. पण गोधडी स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब अडवून धरते. सिलिंडराला स्वतःची ऊब नाहीच. तो उणे ३५ ला उतरलाय आणि बाहेरची हवा उणे २५ आहे, म्हणजे ती हवाच त्याला शेक देतेय. गोधडीनं तुम्ही तो शेकही बंद करता. त्याला खालून बर्फावर टेकवू नका, वरचा बर्फ झाडून काढा, एका लाकडी फळीवर उभा ठेवा. एवढंच.

आणि खरी युक्ती काकांच्या विहिरीत आहे. थंडीत रात्री बागेला पाणी का सोडतात? विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा गरम असतं म्हणून. मासे धरायला तळ्याच्या बर्फात जे भोक पाडतात, त्यातलं पाणी शून्य अंशाचं असतं. तुम्हाला ते बर्फासारखं वाटेल, पण उणे ३० च्या हवेपुढे ते ३० अंशांनी गरम आहे. एक पसरट बादली घ्या, भोकातून चार-पाच लिटर पाणी काढा, त्यात सिलिंडर उभा करा. तोंड पाण्याच्या वर आणि कोरडं राहिलं पाहिजे, कारण झडपेत पाणी गेलं तर तिथेच बर्फ होऊन बसतो. पाणी हळूहळू गोठायला लागेल. गोठू द्या, गोठतानाही पाणी उष्णता सोडतं आणि ती सिलिंडराला मिळते. फार बर्फ झाला की बादली उपडी करा आणि नवं पाणी घ्या, खाली अख्खं तळं आहे. थर्मासमधलं उकळतं पाणी ओतू नका. आणि लायटरनं, टॉर्चनं सिलिंडर शेकायचं मनातही आणू नका. हसू नका, मी हे करणारा माणूस डोळ्यांनी पाहिलाय.

सिलिंडरांत तिकडे दोन प्रकार तुम्हाला भेटतील. एक हिरवट, पाण्याच्या बाटलीएवढा, एक पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅम गॅसचा. तो हीटरला थेट फिरवून बसतो. दुसरा २० पौंडाचा, सुमारे ९ किलो, त्याला नळी लावावी लागते. ताशी ९,००० बीटीयूवर (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) चालवलेला हीटर लहान सिलिंडर जेमतेम सव्वादोन-अडीच तासांत संपवतो, मोठा त्याच हिशेबानं दोन दिवस पुरतो. पण मोठ्याचा खरा फायदा वेगळा आहे. त्याच्यात द्रव जास्त, पत्र्याला टेकलेली जागा जास्त, म्हणून तो सावकाश गारठतो. थंडी जितकी जास्त तितका सिलिंडर भरलेला हवा. तळाशी चार बोटं गॅस उरलेला सिलिंडर उणे ३० ला घेऊन जाणं म्हणजे वैशाखात अर्ध्या तांब्या पाण्यावर चालत सातपुड्यात जाण्यासारखं आहे. लहान सिलिंडर एकदाच वापरायचा असतो, तो पुन्हा भरून देणारे जुगाडू भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मोठ्यावर तारीख ठोकलेली असते. आपल्याकडे सिलिंडरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष बघतो तसंच. कॅनडात १० वर्षांनी त्याची तपासणी करून घ्यावी लागते, तोवर भरून देत नाहीत.

मोठ्या सिलिंडरची झडप हळू उघडा. आपल्याला घरी एका झटक्यात नॉब फिरवायची सवय. तिकडच्या जोडणीत एक सुरक्षेची चेंडूसारखी गोष्ट असते. गॅस एकदम धावला की तिला वाटतं नळी फुटली, आणि ती वाट अडवते. मग थेंब थेंब गॅस येतो, ज्योत मरतुकडी, आणि तुम्ही थंडीला शिव्या देत बसता. सगळं बंद करा, नळी सोडा, मिनिटभर थांबा, पुन्हा जोडा आणि हीटर बंद असतानाच झडप अगदी सावकाश फिरवा. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं.

पायलट पेटवताना नॉब दाबून धरायचा असतो, कारण ज्योत आहे की नाही हे उष्णतेवरून ओळखणारा थर्मोकपल तापल्याशिवाय झडप उघडी ठेवत नाही. घरी १० सेकंद पुरतात, तिथे ३० सेकंद, कधी मिनिटभर. लांब नळीत आधी हवा भरलेली असते, ती निघून जायलाही वेळ लागतो. अंगठा गारठून बधिर होतो, म्हणून हातमोज्यासकट दाबा. ठिणगीचं बटण थंडीत दगा देतं. लांब दांड्याचा लायटर ठेवा, पण लायटरातही ब्युटेनच असतो, तेव्हा तो शर्टाच्या खिशात, अंगाशी. काडेपेटी सोबत हवीच. नळीच्या रबरातून तेलकट अंश सुटतो आणि हीटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. त्यासाठी मध्ये फिल्टर बसवतात, तो दुकानात मागून घ्या. आणि उन्हाळाभर हीटर गॅरेजमध्ये पडून असेल तर पायलटच्या नळीत कोळ्यानं घर केलेलं असतं. दाबून भरलेल्या हवेच्या डब्यानं फुंकून काढा, घरीच, मुक्कामी नाही. गळतीसाठी साबणाचं पाणी लावून बघायचं तेही घराबाहेर, निघण्याआधी. तळ्यावर साबणाचं पाणी लावेपर्यंत गोठतं.

आता जे सांगतो ते वर सांगितलेल्या सगळ्याच्या आधी वाचलं तरी चालेल.

माझा दुसरा हिवाळा. मी आणि अमळनेरचा एक मित्र, दोघांच्या मध्ये दोन भोकं, बाहेर उणे २८. वारा आत येऊ नये म्हणून तंबूच्या कडांवर बर्फ दाबला होता, चेन वरपर्यंत ओढली होती, वरची दोन्ही झरोक्यांची झाकणं लावली होती. हीटर दर पंधरा मिनिटांनी विझायचा. ज्योत चांगली निळी-लाल, सिलिंडरावर दंव नाही, आणि अचानक टक् करून बंद. आम्ही पुन्हा पेटवायचो. पाच-सहा वेळा पेटवला असेल. मित्र म्हणाला डोकं ठणकतंय, सकाळचा चहा नीट झाला नाही. माझंही ठणकत होतं. मला वाटलं, हीटर खराब दिलाय दुकानदारानं. तेवढ्यात शेजारच्या तंबूतले म्हातारेबाबा चिमटा मागायला आले. चेन उघडून आत डोकावले, आम्हा दोघांकडे पाहिलं, हीटरकडे पाहिलं. चिमटा घेतला आणि चेन हातभर उघडी ठेवून निघून गेले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत हीटर एकदाही विझला नाही.

तंबूत वापरायच्या हीटरमध्ये हवेतला प्राणवायू कमी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की पायलटची ज्योत थर्मोकपलपासून सुटते आणि गॅस बंद होतो. म्हणजे आमचा हीटर बिचारा दर पंधरा मिनिटांनी ओरडून सांगत होता आणि आम्ही दर वेळी त्याचं तोंड दाबत होतो. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि मग माणूस उठत नाही.

म्हणून फरक लक्षात ठेवा. ज्योत हळूहळू बसत गेली आणि सिलिंडरावर दंवाची रेघ आहे, तर थंडीचं काम. ज्योत धड होती आणि एकदम गेली, तर आधी चेन उघडा, बाहेर या, मोकळी हवा घ्या, मगच बाकीचं. हीटर कलंडला किंवा वारा थेट लागला तरी तो बंद होतो, ते नंतर बघा. झरोका एक खाली आणि एक वर उघडा हवा, किती चौरस इंच ते हीटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म न्या आणि त्यात लिथियमचे सेल घाला, साधे सेल थंडीत लवकर मान टाकतात. हीटर चालू ठेवून झोपायचं नाही, पाच मिनिटं डुलकीसुद्धा नाही. सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा, सूर्यफुलासारखा तोंड असलेला उघडा हीटर स्वस्त मिळतो. बऱ्याच अशा हीटरांत तो सेन्सर नसतो, ते मोकळ्यावर शेकायला आहेत, तंबूत नेऊ नका. आणि गॅसचा वास आला तर तो खाली बर्फालगत साचलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. काडी न ओढता सगळे बाहेर.

एक छोटी गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं. एका लहान सिलिंडरातून जवळजवळ पाऊण लिटर! ते तंबूच्या कापडावर जमतं, तिथून हातमोज्यांवर ठिबकतं, आणि बाहेर पडलात की हातमोजे लाकडासारखे. झरोका उघडा असला की हेही कमी होतं. मोज्यांचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा.

बर्फाच्या जाडीचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय तिथल्या माणसांकडून समोरासमोर शिकायचा. चालायला नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान १० सेंटिमीटर हवा. पांढरा, दुधाळ दिसणारा बर्फ त्याच्या निम्माच भरवशाचा. नदीवर प्रवाहामुळे इथे जाड तर चार पावलांवर पातळ. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला आपण कुठेही पाय टाकतो तसं तिथे करू नका, जुन्या माणसाच्या पावलावर पाऊल ठेवा. मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन निघतं, ते काढूनच जा.

पहिला वॉलाय मिळाला की त्याला काटे कमी असतात हे बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तिकडची माणसं मैद्यात बुडवून तळतात. आपण हळद, मीठ आणि काळा मसाला चोळून तव्यावर टाकायचा, घरी आल्यावर, तंबूत नाही. मसाला तुमच्या आईच्या हातचा घेऊन या, आणि जरा जास्तच आणा. माझा डबा दरवर्षी फेब्रुवारीतच संपतो.