इंटरनेट फोनवर घराचा अलार्म? या चुका टाळा

न्यू जर्सीत आपल्या लोकांच्या घरी अलार्मची कामं करताना एक वाक्य सारखं कानावर येतं: "फोन तर छान चालतोय, मग अलार्म का नाही चालणार?" तांब्याची लाइन काढली, इंटरनेट फोन घेतला, बिल कमी झालं. पॅनलकडे, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीकडे, बघायचं राहूनच गेलं.

बोलणं ऐकू येणं वेगळं, सिग्नल पोचणं वेगळं. बरेच पॅनल सिग्नल पाठवायला 'कॉन्टॅक्ट आयडी' नावाची पद्धत वापरतात. मॉनिटरिंग सेंटरचा (अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राचा) रिसीव्हर आधी १४०० आणि २३०० हर्ट्झचे सूर देतो, मग पॅनल टोनमधून १६ आकडे पाठवतं. एकेक टोन जेमतेम ५० मिलिसेकंदांचा. इंटरनेट फोन आवाज ज्या पद्धतीने आकड्यांत बदलतो तिला कोडेक म्हणतात. त्यातला जी.७२९ आवाज दाबून पाठवतो, त्यात हे टोन बिघडतात. माणूस अर्धवट ऐकलेलं समजून घेतो, रिसीव्हर नाही घेत. फोन कंपनीकडून त्याऐवजी जी.७११ कोडेक लावून घ्या. "सगळं चालतं हो" एवढ्यावर मी कधीच विसंबत नाही.

त्याहून वाईट चूक वायरिंगची. पॅनलला बाकीचे फोन तोडून लाइन हिसकावून घेता आली पाहिजे, म्हणून अलार्मचा खास आरजे-३१एक्स जॅक घरातल्या सगळ्या फोनच्या आधी लागतो. लोक काय करतात, अडॅप्टरची (इंटरनेटला फोन जोडणाऱ्या डबीची) वायर स्वयंपाकघरातल्या जवळच्या जॅकमध्ये खुपसतात. सगळे फोन वाजतात, सगळे खूश. अशाच एका घरी माडीवरच्या खोलीत फोनचा रिसीव्हर नीट ठेवला गेला नव्हता. मागचं दार उघडलं, सायरन बोंबलत राहिला, आणि सेंटरला एक अक्षर पोचलं नाही. पोलिसांना फोन केला तो शेजारच्यांनी. मी गेलो तेव्हा कीपॅडवर 'एफसी' दिसत होतं, म्हणजे पॅनलने प्रयत्न करून हात टेकले होते. अडॅप्टरमधून वायर थेट आरजे-३१एक्सला न्या आणि तिथून घरभर. त्याआधी बाहेरच्या पेटीत जुन्या कंपनीची लाइन सोडवा, नाहीतर तिच्या व्होल्टेजने अडॅप्टर जळू शकतो. हे तासाभराचं काम आहे. तेवढाही धीर नसेल तर हात लावू नका, माणूस बोलवा.

पॅनलमध्ये कॉल वेटिंग बंद करणारा *७० असेल आणि नव्या सेवेला तो कळत नसेल, तर कॉल लागतच नाही. काढून टाका.

सेंटरचा नंबर सात आकडी असेल तर दहा आकडी करा. ९०८ आणि ८५६ एरिया कोडच्या भागात ऑक्टोबर २०२१ पासून सात आकड्यांवर कॉल जात नाही.

वीज गेली की पॅनल स्वतःच्या बॅटरीवर चालतं, पण मोडेम, राउटर आणि अडॅप्टर यांचं काय? २०१२ च्या सँडी वादळात इथे कित्येक दिवस वीज नव्हती, तरी लोक अजून यूपीएसचे पैसे वाचवतात. तिन्ही वस्तू यूपीएसवर हव्यात.

टेस्ट करताना सेंटरला आधी कळवा, मेन स्विच पाडा, एकेक दार उघडा आणि कोणते झोन (दारं-खिडक्यांचे विभाग) नोंदले गेले ते त्यांच्याकडून वाचून घ्या. नुसता सायरन वाजवणं ही टेस्ट नव्हे. पॅनलची आपोआप होणारी टेस्ट मी रोजची लावतो, महिन्याची नाही.

एवढं करूनही सिग्नल गळत असतील तर मोबाइल नेटवर्कवरून सिग्नल पाठवणारा सेल्युलर कम्युनिकेटर बसवा. फक्त स्वस्तात मिळतो म्हणून जुना ३जीचा उचलू नका. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचं ३जी २०२२ मध्येच बंद झालं.