कासदाहाच्या जिवाणूंतील रोगकारक जनुके कशी तपासावीत

कासदाह झालेल्या गाईच्या दुधातून मिळालेल्या जिवाणूत रोगकारक जनुके आहेत का, हे पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो शोधणाऱ्या) चाचणीने समजते. परंतु या चाचणीचा बराचसा निकाल सडाशीच ठरून जातो, म्हणून नमुना घेताना घाई करू नये. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढाव्यात आणि ७० टक्के अल्कोहोलात भिजवलेला बोळा मळका निघेनासा होईपर्यंत सडाचे टोक पुसावे. पुसताना आधी लांबचे सड घ्यावेत आणि नमुना काढताना आधी जवळचे, म्हणजे स्वच्छ केलेल्या सडाला हात घासत नाही. प्रत्येक सडाचे दूध स्वतंत्र निर्जंतुक नळीत घेऊन ते थंड ठेवावे आणि २४ तासांच्या आत तपासणीस द्यावे.

दुधातील स्निग्धांश, प्रथिने आणि कॅल्शियम पीसीआरमध्ये अडथळा आणतात. शिवाय थेट दुधातून जनुक सापडले तरी ते नेमके कोणत्या जिवाणूचे, हे उमगत नाही. त्यामुळे आधी रक्त-अगारवर (रक्त मिसळलेल्या घट्ट माध्यमावर) ३७ अंश सेल्सियसला जिवाणू वाढवावेत आणि एकाच वसाहतीपासून, म्हणजे जिवाणूंच्या एका ठिपक्यासारख्या पुंजक्यापासून, शुद्ध वाण तयार करावे. तीन किंवा अधिक प्रकारच्या वसाहती उगवल्यास नमुना दूषित मानून पुन्हा घेणेच योग्य.

कासदाह घडवणाऱ्या जिवाणूंपैकी ई. कोलायचा डीएनए उकळूनही मिळतो, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियसची पेशीभित्तिका जाड असल्याने तेथे लायसोस्टॅफिन हे विकर वापरावे. या जिवाणूची ओळख न्यूक जनुकाने पक्की करावी आणि मगच विषद्रव्यांची एचएलए व एचएलबी, ऊतींना चिकटण्यासाठीचे सीएलएफए आणि जैवपटलाशी (जिवाणूंच्या चिकट थराशी) निगडित आयसीएए व आयसीएडी ही जनुके शोधावीत. रक्तद्रव गोठवणाऱ्या प्रथिनाच्या कोआ जनुकाचा पट्टा (पीसीआरनंतर जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) मात्र वाणागणिक वेगळ्या लांबीचा येतो, कारण त्यात ८१ बेसचा तुकडा कमी-अधिक वेळा पुनरावृत्त झालेला असतो. नवख्या तपासनीसाला ही चूक वाटते, प्रत्यक्षात वाणांमधील फरक ओळखण्याची ती चांगली खूण आहे. एकाच वाणात दोन पट्टे दिसल्यास मात्र आधी त्याची शुद्धता पडताळावी.

प्रत्येक फेरीत डीएनए न घातलेली एक नळी, ज्ञात जनुकधारी वाणाची एक नळी आणि प्रत्येक नमुन्यासाठी सर्व जिवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाची पडताळणी असलीच पाहिजे. ही पडताळणी नसेल, तर पट्टा न दिसण्याचा अर्थ जनुक नाही असा घ्यावा की प्रक्रियाच फसली असा, हे सांगता येत नाही.

अहवालात ‘जनुक आढळले’ एवढेच लिहावे, कारण जनुक असले तरी त्यापासून विषद्रव्य तयार होतेच असे नाही. ई. कोलायच्या बाबतीत आणखी जपावे लागते: कासदाह घडवणाऱ्या सर्व वाणांत हमखास सापडेल असा रोगकारक जनुकांचा ठरावीक संच नाही आणि गाईची तीव्र लक्षणे मुख्यतः पेशीभित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइड या विषारी घटकाला तिच्या शरीराने दिलेल्या प्रतिसादातून उद्भवतात. म्हणून अशा वाणात शोधलेले एकही जनुक आढळले नाही, तरी त्याला निरुपद्रवी म्हणू नये, आणि ताप आलेल्या, कास सुजलेल्या गाईचे उपचार या अहवालासाठी थांबवू नयेत.