कापडी ऑक्टोपसचे हात सुलटे करण्यासाठी नाडीचा उपयोग

नमुन्याच्या कागदावरून कापडी ऑक्टोपस शिवताना डोके सहज जमते, परंतु त्याचे आठ निमुळते हात सुलटे करताना कापड टोकाशी अडकते आणि काडीने ढोसल्यास शिवणच उसवते.

यावरचा उपाय शिवण्यापूर्वीच करावा लागतो.

१. हाताचे दोन तुकडे सुलट बाजू आत येईल असे एकमेकांवर ठेवावेत आणि हातापेक्षा वीतभर लांब अशी परकराची सुती नाडी मधोमध घालावी. तिचे एक टोक निमुळत्या टोकाच्या शिवणीत पक्के धरावे, दुसरे रुंद तोंडातून बाहेर राहू द्यावे.

२. मशीन चालवताना नाडी कडेच्या शिवणीत सापडू देऊ नये. सापडल्यास पुढचे सारे अडते.

३. शिवणीबाहेर सुमारे ५ मिमी कापड ठेवून उरलेले कापावे, वळणांवर बारीक कात्रे द्यावेत आणि नाडी सावकाश ओढावी. हात सुलटा झाला की नाडी टोकाशी कापून टाकावी.

भरण्यासाठी आपल्याकडे घरचा कापूस असतोच, मात्र तो सरकी काढून पिंजलेलाच घ्यावा आणि पऱ्हाटीच्या घासून गुळगुळीत केलेल्या काडीने चिमूटचिमूट टोकापर्यंत सारावा. मोठा गोळा एकदम कोंबल्यास हातात गाठ बसते आणि ती नंतर मोडत नाही.

खेळणे ३ वर्षांखालील मुलासाठी असेल तर डोळ्यांना बटणे किंवा मणी मुळीच लावू नयेत. ते तुटून घशात अडकू शकतात, म्हणून डोळे दोऱ्यानेच भरावेत.