मृगाआधी जंगलात काय करून ठेवायचं

पावसाचं पाणी अन् माती जंगलातच अडवायच्या कामांची यादी यंदा मार्चमध्येच काढा, मोह टपकायला लागला की. मोहाखालची जागा साफ करायला पाल्याला काडी लावतात, तिथूनच वणवा धरतो. मग जूनचा पहिला पाऊस उघड्या मुरमावर आदळतो, थेंबांच्या मारानं मातीचं तोंड मिटतं अन् पाणी मुरायच्या आत उताराला लागतं. म्हणून आगपेटी घरी ठेवा. पाला खराट्यानं बाजूला सारा, नाहीतर झाडाखाली जुनं लुगडं अंथरा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

उरलेलं टिकाव-फावड्याचं: उताराला आडवे चर खणायचे, तेही माथ्यावरून. आपल्याला आधी नाल्यात बांध घालायची घाई, कारण तो रस्त्यावरून दिसतो. वरून माती येतच राहिली तर तो गाळानं भरणारच. एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी होतं. सगळं काही वाहत नाही, पण 60 सेंटिमीटर रुंद अन् 30 सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरात 180 लिटरच मावतं. किती चर लागतील ते तुम्हीच मांडा.

चरांची आखणी तेंदूपत्त्याच्या तोडणीआधी उरका, मे महिन्यात माणूस मिळत नाही. चर एका पातळीत आखायची ए-फ्रेम घरीच होते: दोन सारखे बांबू, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला लोंबता दगड. दोरी काठीवर जिथं येते तिथं खूण करा, पायांची अदलाबदल करून दुसरी करा. दोन्हींच्या मधोमध समपातळी. दोरी तिथंच राहील असं पाऊल टाकत चला, मागून चुन्याची फक्की ओढा. वाटेत झाड आलं तर चर तोडा, मुळं नाही. माती उताराच्या बाजूला, वीतभर काठ सोडून टाका, वर पवन्या-मारवेल गवताचं बी पेरा. ते हिवाळ्यातच झोडून ठेवायचं असतं, मी दरवर्षी विसरतो.

घळींतल्या बांधांसाठी दगड सुटेच वेचा, रुतलेला उपटला की माती मोकळी होते. बांध मध्ये खोलगट हवा, टोकं काठात घुसलेली. आमचा एक आम्ही हौसेनं सरळ रचला होता. पहिल्याच झडीत पाण्यानं काठ खाऊन बाजूनं वाट काढली.

जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क असेल तर ग्रामसभेचा ठराव, नसेल तर वनविभागाची परवानगी. झुडपी जंगलाला पडीक समजून जेसीबी घालू नका. रोजगार हमीतून करायचं तर कामाची मागणी आधी द्या.

अन् प्रत्येक घळीच्या वरच्या टोकाशी लाल खुंटी ठोका, काठापासूनचं अंतर वहीत लिहा. पोळा झाला की परत मोजू, घळ वर सरकली का ते कळेल.