मेलबर्नचा उन्हाळा खरंच बदललाय का? रेकॉर्ड स्वतः काढून कसं बघायचं

डिसेंबर उजाडला की मेलबर्नच्या मराठी ग्रुप्सवर दरवर्षी तोच वाद चालू होतो, एक जण म्हणतो आता पूर्वीसारखं ऊन राहिलं नाही, दुसरा म्हणतो अहो 2009 आठवा. दोघंही आठवणीवर बोलतात. इथे तर ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजीने म्हणजे बॉमने रोजचे आकडे फुकट ठेवलेत, एक संध्याकाळ दिलीत तर आपल्या भागाचा हिशोब आपणच मांडू शकतो.

आधी स्टेशन ठरवा. बॉमच्या क्लायमेट डेटा ऑनलाइनवर जा, टेम्परेचर निवडा, मग डेली मॅक्सिमम, आणि आपल्या सबर्बचं नाव टाका म्हणजे जवळच्या स्टेशनांची यादी येते. टारनीट किंवा पॉइंट कुकला राहत असाल तर लॅव्हर्टन बघा, तिथली नोंद 1940च्या दशकापासून आहे. नुसतं जवळचं स्टेशन घेऊ नका, किती वर्षांची नोंद आहे तेही बघा, कारण पाच-दहा वर्षांच्या आकड्यांवरून हवामान बदललं की नाही काही कळत नाही.

शहरातलं स्टेशन घेतलंत तर एक मोठी मेख आहे. मेलबर्न रीजनल ऑफिसची (नंबर 086071) तापमानाची नोंद 1855 पासूनची, पण ते स्टेशन 2015 च्या सुरुवातीला बंद झालं आणि आता जे आकडे येतात ते ऑलिम्पिक पार्कचे (086338). जुनी जागा ला ट्रोब स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, चहूबाजूंनी रस्ते आणि इमारती, नवी जागा मोकळ्यावर, त्यामुळे तिथे रात्री जरा जास्त थंड असतात. दोन्ही फाइली एकाखाली एक चिकटवल्यात तर मेलबर्न अचानक गार झालं असा भास होईल! लांब पल्ल्याचा कल बघायचा असेल तर बॉमचा एकॉर्न-सॅट डेटा घ्या, त्यात 1910 पासूनचे आकडे स्टेशन हलल्याचे, उपकरणं बदलल्याचे परिणाम काढून दुरुस्त केलेले असतात. मात्र शहराच्या उष्णतेमुळे मेलबर्न आणि लॅव्हर्टन दोन्ही देशाच्या सरासरीत धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

फाइल उतरवा. टेबलाच्या वर 'ऑल इयर्स ऑफ डेटा' असं असतं, त्यावर क्लिक केलं की झिप येते, आत एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही. रकाने साधे आहेत, वर्ष, महिना, दिवस, तापमान आणि शेवटी क्वालिटी. तिथे Y असेल तर आकडा तपासून झालाय, N असेल तर अजून व्हायचाय.

आता खरं काम. उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेला, म्हणून एक नवा रकाना करा आणि महिना 12 असेल तर वर्षात 1 मिळवा. म्हणजे डिसेंबर 2008 हा 2009 च्या उन्हाळ्यात जाईल. हे केलं नाही तर दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांची खिचडी होते. मग एक्सेलचं काउंटइफ्स (अटींनुसार मोजणारं सूत्र) लावून प्रत्येक उन्हाळ्यात 35 च्या वर किती दिवस गेले ते मोजा. मिनिमम तापमानाची फाइल वेगळी उतरवून 20 च्या खाली न उतरलेल्या रात्रीही मोजा, माझ्या मते हा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर खरा त्रास रात्र थंड न झाल्याचा असतो.

तारखा वाचताना सावध राहा. मिनिमम हे सकाळी 9 ला संपणाऱ्या 24 तासांचं आणि मॅक्सिमम 9 पासून पुढच्या 24 तासांचं असतं. पावसाचंही तसंच, 26 जानेवारीच्या रकान्यातला पाऊस 25 च्या सकाळी 9 पासूनचा, म्हणजे काल संध्याकाळी कूल चेंजबरोबर (दक्षिणेकडून अचानक येणारी थंड हवा) आलेली सर आजच्या तारखेला दिसते.

एकट्या रेकॉर्डवर जाऊ नका. 7 फेब्रुवारी 2009 ला, म्हणजे व्हिक्टोरियातल्या भीषण वणव्यांच्या ब्लॅक सॅटर्डेला, मेलबर्नमध्ये 46.4 आणि राज्याच्या वायव्येला होपटूनला 48.8 झालं. पण 13 जानेवारी 1939 लाही मेलबर्नला 45.6 होतं. वाळवंटाकडून उत्तरेचा वारा सुटला आणि कूल चेंज उशिरा आला की असे दिवस पूर्वीही यायचे. म्हणून दिवस मोजा, दहा-दहा वर्षांचे गट करून तुलना करा. 1910 पासून ऑस्ट्रेलिया सरासरी दीड अंशाने तापलाय, त्यामुळे तोच वारा आता जास्त गरम हवा घेऊन येतो.

शेवटी प्रत्येक उन्हाळ्यासमोर कारण लिहा. एल निनो होता (पॅसिफिकचं पाणी तापतं, इथे सहसा कोरडं-गरम) की ला निना (त्याच्या उलट, सहसा ओलं-गार), इंडियन ओशन डायपोल (हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम पाण्याच्या तापमानातला फरक) पॉझिटिव्ह होता का, सदर्न अॅन्युलर मोड (दक्षिण ध्रुवाभोवतीच्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तर-दक्षिण सरकणं) कसा होता. 2019 चं उदाहरण घ्या, डायपोल जोरदार पॉझिटिव्ह, इथे दुष्काळ आणि मग ब्लॅक समर म्हणजे मोठ्या वणव्यांचा उन्हाळा, 4 जानेवारी 2020 ला सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथला 48.9 आणि कॅनबेराला 44.0. त्याच वर्षी भारतात मान्सून सरासरीच्या 110 टक्के झाला आणि परत फिरायला ऑक्टोबर उजाडला, त्यातही या डायपोलचा हात होता. उलट 2020 ते 2023 सलग तीन ला निना आले, म्हणून नुसते तेवढेच उन्हाळे बघून कुणी 'बघा, काही बदललं नाही' म्हणालं तर त्याला आधीची पन्नास वर्षं दाखवा.

फाइल दर मार्चमध्ये पुन्हा उतरवा, आणि ताजे N वाले आकडे Y होईपर्यंत पक्के धरू नका.