जुन्या लष्करी रायफलीच्या पुंगळ्यांची मान मऊ करताना
पुंगळी म्हणजे काडतुसातली दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी; तिच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. प्रत्येक बाराला फुगून आणि साच्यात पुन्हा आवळली जाऊन पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारे तोंड, कडक होते व अखेर उभी चिरते. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्याही याला अपवाद नाहीत. म्हणून मान तापवून पुन्हा मऊ करावी लागते. त्यासाठी प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) काढलेल्या, स्वच्छ पुंगळ्या निम्म्या बुडतील एवढ्या पाण्यात उभ्या कराव्यात, अंधुक उजेडात ज्योत मानेभोवती फिरवावी आणि पुसटशी लाली उमटताच पुंगळी पाण्यात आडवी पाडावी. लालभडक होईपर्यंत थांबणे ही नवशिक्यांची हमखास चूक. पाण्याने पितळ कडक होत नाही, फक्त उष्णता खाली उतरायची थांबते. बूड मात्र कधीही तापवू नये, कारण मऊ बूड दाब पेलत नाही. पुन्हा भरण्यापूर्वी पुंगळी आतून पूर्ण वाळू द्यावी.