पायथनची आवृत्ती बदलताच सी एक्स्टेन्शन मोडते : या चुका टाळा

पायथन ३.११ वर विनातक्रार चालणारे सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहून कंपाइल केलेले पायथन मॉड्यूल) ३.१२ बसवल्यावर इम्पोर्टच होत नाही, आणि फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असताना मॉड्यूल सापडत नसल्याचा निरोप येतो. कारण साधे असते : फाइलच्या नावात ‘सीपायथन-३११’ अशी खूण असते आणि ३.१२ चा इंटरप्रिटर, म्हणजे पायथन कोड चालवणारा प्रोग्राम, अशा फाइलकडे पाहतही नाही. येथेच सर्वांत महाग पडणारी चूक होते, ती म्हणजे नावातला ३११ पुसून तेथे ३१२ लिहिण्याची.

त्यानंतर नशीब चांगले असेल तर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ असा एरर येऊन प्रकरण तेथेच थांबते. नशीब वाईट असेल तर फाइल लोड होते. सी कोडमध्ये समाविष्ट होणाऱ्या पायथनच्या हेडर फाइलमधील मॅक्रो (कोडच्या तुकड्यांना दिलेली नावे) आणि इनलाइन फंक्शन कंपाइल करतानाच विस्तारली जातात, त्यामुळे ऑब्जेक्टच्या रचनेत कोणती माहिती कितव्या बाइटवर आहे हे आकडे बायनरीत पक्के होऊन बसतात. ३.१२ मध्ये युनिकोड स्ट्रिंगच्या रचनेतून जुना ‘डब्ल्यूएसटीआर’ पॉइंटर आणि त्याची लांबी काढून टाकण्यात आली, आणि ६४-बिट लिनक्सवर देवनागरी स्ट्रिंगचा मजकूर ७२ व्या बाइटऐवजी ५६ व्या बाइटपासून सुरू होऊ लागला. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधील एक चिन्ह) येथे २ बाइट घेतो, म्हणजे हा १६ बाइटांचा फरक ८ कोडपॉइंटांचा झाला. ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० कोडपॉइंट आहेत. नाव बदललेले जुने एक्स्टेन्शन हा मजकूर थेट मेमरीतून वाचू लागले, तर त्याला शेवटचा हलन्त आणि ‘र’ एवढेच मिळतात आणि पुढे ते स्ट्रिंगच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचत राहते. एरर येईलच याची खात्री नसते, आणि म्हणूनच हा दोष शोधण्यात दिवस जातात.

यावरचा रीतसर मार्ग पायथन ३.२ पासून उपलब्ध आहे. मर्यादित एपीआय, म्हणजे आवृत्ती बदलली तरी टिकणारी पायथनची निवडक सी फंक्शन, पाळून एकदा कंपाइल केलेली, ‘एबीआय३’ खूण असलेली फाइल पुढील ३.x आवृत्त्यांवरही चालते. परंतु हे वचन तीन वेगवेगळ्या ठिकाणी द्यावे लागते आणि बहुतेक जण एक-दोन ठिकाणी देऊन थांबतात. सी फाइलमध्ये पायथनचे हेडर घेण्यापूर्वी ‘पाय_लिमिटेड_एपीआय’ हा मॅक्रो सर्वांत जुन्या अपेक्षित आवृत्तीच्या आकड्यासह लिहावा लागतो. सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनात एक्स्टेन्शनच्या व्याख्येत याच नावाचा, पण लहान अक्षरांतला पर्याय असतो, आणि तो केवळ तयार होणाऱ्या फाइलचे नाव बदलतो. व्हीलला (पायथन पॅकेजच्या वितरणासाठी बांधलेल्या फाइलला) योग्य खूण मिळावी म्हणून व्हील बांधणाऱ्या आदेशाला तिसऱ्यांदा तेच सांगावे लागते. मॅक्रो विसरून उरलेले दोन्ही पर्याय दिले, तर नावाने एबीआय३ आणि आतून एकाच आवृत्तीला बांधलेली फाइल तयार होते. ही नाव खोडण्याचीच चूक आहे, फक्त या वेळी ती आपल्यासाठी साधन करते. एबीआय३ऑडिट हे साधन नेमकी अशी व्हील पकडते, त्यामुळे प्रकाशनापूर्वी ते चालवणे मला अनिवार्य वाटते.

मर्यादित एपीआयमध्ये काही सोयी सोडाव्या लागतात, हेही मान्य केले पाहिजे. ट्यूपलमधील घटक थेट उचलणारे मॅक्रो तेथे नाहीत, आणि बफर प्रोटोकॉल (ऑब्जेक्टची मेमरी थेट वापरू देणारी सोय) हवा असेल तर किमान आवृत्ती ३.११ ठेवावी लागते. प्रत्येक वेळी फंक्शन कॉल होत असल्याने वेगही काहीसा कमी होतो. आकडेमोडीच्या आतल्या लूपमध्ये हा फरक खरोखरच जाचत असेल, तर प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र व्हील बांधणे हाच प्रामाणिक पर्याय होय, आणि सीआयबिल्डव्हील या साधनामुळे ते काम आता फारसे कष्टाचे राहिलेले नाही.

स्वतंत्र व्हील बांधणाऱ्यांची चूक वेगळीच असते. आवृत्तीनुसार कोड बदलण्यासाठी ‘पीवाय_व्हर्जन_हेक्स’ तपासताना ३.१२ साठी ‘०एक्स०३१२००००’ असे लिहिले जाते. हा आकडा षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीचा आहे, त्यामुळे त्यातील १२ म्हणजे १८, आणि अट ३.१८ साठी लागू होते. बारासाठी ‘०सी’ लिहावे लागते, दहासाठी ‘०ए’. अशी चुकीची अट असलेला कोड ३.१२ वरही जुन्याच शाखेतून कंपाइल होत राहतो, आणि त्या शाखेतील एखादे फंक्शन जेव्हा काढले जाते तेव्हाच चूक उघड होते. शिवाय ही तपासणी कंपाइल करतेवेळची आहे. एबीआय३ फाइलमध्ये चालू इंटरप्रिटरची आवृत्ती तिच्यातून कळत नाही. त्यासाठी ३.११ पासून ‘पाय_व्हर्जन’ हे चल दिलेले आहे. अशा अटी हाताने लिहीत बसण्यापेक्षा ‘पायथनसीएपीआय-कॉम्पॅट’ हे एका फाइलचे हेडर सोबत ठेवावे, कारण नवी फंक्शन जुन्या आवृत्त्यांवर पुरवण्याचे काम ते करते.

सायथन (पायथनसारखा कोड सी मध्ये रूपांतरित करणारे साधन) वापरणाऱ्यांनी तयार झालेली सी फाइल रिपॉझिटरीत साठवून ठेवू नये. जुन्या सायथनने तयार केलेली फाइल ३.१२ वर ‘ओबी_डिजिट’ नावाचा सदस्य सापडत नाही असे सांगून कंपाइलच होत नाही, कारण पूर्णांकाची आतली रचनाही त्याच आवृत्तीत बदलली. सी फाइलला हात न लावता नव्या सायथनने ती पुन्हा तयार करावी.

जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप) नसलेला ३.१३ चा बिल्ड मर्यादित एपीआय स्वीकारत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ‘सीपी३१३टी’ खुणेची वेगळी व्हील द्यावी लागते. ती देताना मॉड्यूलने जीआयएल लागत नसल्याचे स्वतः जाहीर केले नाही, तर इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर इशारा देऊन संपूर्ण प्रोसेससाठी जीआयएल पुन्हा सुरू करतो, आणि ज्या कारणासाठी वापरकर्त्याने तो बिल्ड घेतला ते कारणच नाहीसे होते.